खांबांवर उभा गोवा आणि भूकंपाचा प्रश्न

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. अहमदाबाद तिथून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब. तरीही त्या शहरात डझनावारी बहुमजली इमारती बसल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. बसलेल्या इमारतींपैकी बहुतेकांची घडण एकसारखी होती: वर चार किंवा त्याहून अधिक मजल्यांचे फ्लॅट, त्यांच्या चौकटी विटांच्या भिंतींनी भरलेल्या, आणि खाली गाड्या लावण्यासाठी मोकळा सोडलेला, नुसत्या कॉलमांवर तोललेला तळमजला.

अहमदाबाद तेव्हा भूकंपाच्या नकाशावर तिसऱ्या क्षेत्रात होते (क्षेत्राचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त). भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १८९३ या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवाही तिसऱ्याच क्षेत्रात आहे. आणि पर्वरी, ताळगाव, फातोर्डा, म्हापसा, फोंडा, चिखली, कुठेही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उठलेल्या वसाहतीतून फेरफटका मारला तर खाली स्टिल्ट, म्हणजे नुसत्या कॉलमांवरचा मोकळा तळमजला, आणि वर फ्लॅट हीच घडण दिसते.

भूकंपाच्या तयारीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा मॉक ड्रिल, शाळेतले भित्तिपत्रक आणि बचाव पथकाची साधने यांवर येऊन थांबते. ते सगळे हवेच. पण भूकंपात माणसे मरतात ती इमारतींखाली, आणि इमारत कशी वागणार हे कॉलमची सळई बांधली जाते त्याच दिवशी ठरून गेलेले असते. म्हणून आमचे मत असे की गोव्यापुरता हा विषय आधी बांधकाम परवान्याचा, देखरेखीचा आणि उभ्या असलेल्या स्टिल्ट इमारती मजबूत करण्याचा आहे. बचावकार्य त्यानंतर येते.

धोका किती, हे फुगवून सांगण्याचे कारण नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ मॅग्निट्यूडचा धक्का बसला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. तो धक्का गोव्यातही जाणवला. कोयना धरणाचा जलाशय १९६२ पासून भरू लागल्यावर त्या पट्ट्यात भूकंप सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. ५ मॅग्निट्यूडच्या वरचे वीसहून अधिक नोंदले गेले आहेत. पण पणजी कोयनेपासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि कच्छच्या भूकंपात कोयनेच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा बाहेर पडली होती. अंतर सारखे दिसले तरी मार सारखा नसतो. उद्या १९६७ सारखाच धक्का पुन्हा आला तर गोव्यातल्या नीट बांधलेल्या इमारतीला काही होणार नाही.

मग काळजी कसली? काळजी ही की भूकंप पूर्वी जिथे झाला तिथेच तो होईल, असे दख्खनच्या खडकाबद्दल खात्रीने म्हणता येत नाही. लातूर जिल्ह्यातले किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होते. त्या पहाटे ६.२ मॅग्निट्यूडच्या धक्क्यात आठ-दहा हजार माणसे गेली. पुढे २००२ मध्ये संहितेतून पहिले क्षेत्रच काढून टाकले गेले. ‘आमच्याकडे कधी झाला नाही’ हे वाक्य किल्लारीच्या आदल्या दिवशी तिथेही खरे होते. तिसऱ्या क्षेत्राचा अर्थ असा की सातव्या तीव्रतेपर्यंतचे हादरे धरून बांधा. ही तीव्रता म्हणजे मॅग्निट्यूड नव्हे; एखाद्या जागी हादरा किती जोराचा बसतो त्याचे ते माप. सातव्या तीव्रतेत चांगल्या इमारतीला किरकोळ तडे जातात, वाईट इमारत मोडते. म्हणजे गोव्यात सगळा प्रश्न चांगले आणि वाईट यांतल्या फरकाचा आहे.

हा फरक नेमका कुठे असतो ते समजून घेण्यासाठी एक छोटा हिशेब करू. २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या क्षेत्राचा गुणांक, म्हणजे जमिनीचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या किती पट धरायचा तो आकडा, ०.१६. पाच-सहा मजल्यांची इमारत ताठ असते, ती जमिनीचा हादरा अडीच पट करून घेते. म्हणजे मोठ्यात मोठ्या अपेक्षित भूकंपात तिच्यावर आडवा जोर येऊ शकतो तो तिच्या वजनाच्या ४० टक्के. पण संहिता अभियंत्याला डिझाइन करायला सांगते ते फक्त ४ टक्क्यांसाठी. पंधराशे टनांच्या इमारतीला साठ टन. गुणांक आधी निम्मा केला जातो आणि मग त्याला पाचाने भागले जाते. ही सवलत फुकट नाही. ती या अटीवर आहे की इमारत वाकेल, तडे जाऊ देईल, पण तुटणार नाही. चिवट राहण्याची ही अट आयएस १३९२० या दुसऱ्या संहितेत लिहिली आहे आणि तिसऱ्या क्षेत्रात ती बंधनकारक आहे. कागदावर सवलत घेतली आणि साइटवर चिवटपणा दिला नाही, की इमारत दहाव्या हिश्श्याच्या ताकदीवर उभी असते. दुर्दैवाने पाडा-बांधाच्या घाईत नेमके हेच होते.

चिवटपणा म्हणजे मुख्यतः रिंगा. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती जी आडवी कडी बांधतात, तिची टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायची असतात, आणि वळणानंतरचे टोक किमान ६५ मिलीमीटर हवे. साइटवर सर्रास दिसते ते ९० अंशांचे वळण, कारण ते हाताला सोपे पडते आणि रिंग चढवायला जलद. भूकंपात कॉलमवरचे बाहेरचे कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, सर्वांत आधी झडते. ९० अंशांची टोके त्या कव्हरमध्येच असतात. ती उघडतात, रिंग सैल होते, उभ्या सळया धनुष्यासारख्या बाहेर वाकतात आणि कॉलम चिरडतो. एका रिंगेमागे काही सेंटीमीटर सळई आणि अर्ध्या मिनिटाचे काम वाचवण्यासाठी हे घडते.

रिंगांचे अंतरही तितकेच महत्त्वाचे. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, निदान ४५० मिलीमीटर लांबीत, रिंगा १०० मिलीमीटरपेक्षा जास्त अंतरावर नसाव्यात. मधल्या भागात विरळ चालतात. आणि बीम-कॉलमच्या सांध्यात त्या थांबता कामा नयेत. सांध्यात चारी बाजूंनी बीमच्या सळया येतात, तिथे रिंग घालणे किचकट, म्हणून बार बेंडर (सळई वाकवून बांधणारा कारागीर) तो भाग मोकळा सोडून वरून पुढे सुरू करतो. सेंट्रिंग बंद झाले की ते कुणालाच दिसत नाही. तसाच प्रकार सळयांच्या जोडाचा. सोयीसाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबच्या अगदी वर जोड दिला जातो, जिथे भूकंपाचा ताण सर्वाधिक असतो. जोड हवा मजल्याच्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात. भिंतीत लपावा म्हणून आठ-नऊ इंच रुंदीचा कॉलम ठेवण्याची आपल्याकडची हौसही संहितेत बसत नाही. किमान बाजू ३०० मिलीमीटर सांगितली आहे. दिवाणखान्यात कोपऱ्यात चार इंचांचा कंगोरा दिसला म्हणून नाक मुरडणाऱ्या ग्राहकानेही हे लक्षात घ्यावे.

आता स्टिल्टकडे. वरच्या मजल्यांवर प्रत्येक चौकटीत भिंत आहे, त्यामुळे तो सगळा भाग एका पेटीसारखा वागतो. खाली भिंती नाहीत. जमीन हलली की सगळे सरकणे तळमजल्याच्या कॉलमांत एकवटते, वरची पेटी जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि खालचे कॉलम दोन्ही टोकांना मोडतात. अहमदाबादेत हेच झाले. २००२ च्या संहितेने अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीच पट जोरासाठी धरायला सांगितले. २०१६ च्या आवृत्तीने तर मोकळा मजला हवा असेल तर काँक्रीटच्या भिंती किंवा तिरप्या आधारांची चौकट घालाच, असे सांगितले. मोकळा मजला निषिद्ध नाही. आधाराशिवाय मोकळा मजला निषिद्ध आहे. गोव्यात गाड्यांची संख्या पाहता पार्किंगची अट सोडता येणार नाही हे उघड आहे, पण पार्किंगच्या नावाखाली काँक्रीटची भिंत वगळण्याचेही काही कारण नाही. लिफ्टचा गाळा आणि जिना यांभोवती काँक्रीटची भिंत घातली तर एकही गाडीची जागा जात नाही. फक्त ती एकाच कोपऱ्यात असता कामा नये, नाहीतर इमारत त्या कोपऱ्याभोवती पिळवटते.

नंतरचे फेरफार तर आणखी घातक. स्टिल्टच्या एका कडेला वॉचमनची खोली, मीटरची खोली, कधी दुकानाचा गाळा काढला जातो. त्याने पिळवटणे वाढते. दोन कॉलमांमध्ये छातीइतकी चिऱ्यांची भिंत घातली की त्या कॉलमची मोकळी उंची निम्मी होते. उंची निम्मी झाली की ताठपणा आठ पट होतो, आणि जो ताठ तो जास्त जोर ओढून घेतो. असा आखूड कॉलम वाकत नाही, तिरका चिरला जातो. डोंगरउतारावर बांधलेल्या इमारतींत हे जन्मजातच असते: उतारावरच्या बाजूला कॉलम दहा मीटर, चढावर तीन मीटर. सगळा जोर त्या तीन मीटरवाल्यांवर जातो. डोंगरकापणीविरुद्ध गोव्यात जी चळवळ चालते ती हिरवाईसाठी आणि दरडींसाठी. तिच्या हातात हा तिसरा मुद्दाही आहे.

खाजनाचे वेगळे. बांध घालून, मानशीतून (बांधातल्या झडपेतून) भरती-ओहोटी खेळवून राखलेली ती जमीन मुळात नदीच्या मुखाचा मऊ गाळ आहे. तिच्यावर जांभ्याच्या मातीचा भराव टाकला म्हणून खालचा गाळ कडक होत नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाने हादरली ती जुन्या तळ्याच्या गाळावर वसल्यामुळे; गाळाने दोन सेकंदांत एक हेलकावा घेणाऱ्या लाटा अनेक पटींनी वाढवल्या आणि साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला. दूरच्या भूकंपाचा गोव्याला त्रास व्हायचाच तर तो कातळाच्या सड्यावर होणार नाही, भरावावर होईल. पाण्याने भिजलेल्या सैल वाळूचे तर हादऱ्याने काही क्षण द्रवच होते. म्हणून नदीकाठच्या आणि भरावावरच्या इमारतीला माती परीक्षणाचा अहवाल, म्हणजे बोअरिंग करून प्रत्येक दीड मीटरला घेतलेल्या नोंदी, परवान्याच्या फाइलमध्ये असायलाच हव्यात.

गोव्यात आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. किनाऱ्याजवळ क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, सळई गंजते, गंज फुगतो, कव्हर फुटते. काँक्रीटची संहिता आयएस ४५६ किनारपट्टीच्या उघड्या हवेसाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि ४५ मिलीमीटर कव्हर सांगते. पंचवीस वर्षांच्या इमारतींत कव्हर कितीतरी ठिकाणी वीस-पंचवीस मिलीमीटर निघते. स्टिल्टच्या कॉलमवर उभी, सळईला समांतर चीर दिसली तर आतली रिंग आधीच बारीक झालेली असते, कारण ती सर्वांत बाहेर असते आणि सर्वांत पातळ. त्या चिरेवर गिलावा आणि रंग मारणे म्हणजे पुरावा पुसणे. फुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणे, गंज घासणे, गेलेल्या सळईच्या जोडीला नवी घालणे आणि मग पॉलिमरयुक्त मॉर्टर भरणे, एवढे केले तरच ती दुरुस्ती.

हे सगळे तपासायचे कुणी? कागदोपत्री साखळी पूर्ण आहे. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, पंचायत किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, संरचना अभियंत्याने सही केलेला जबाबदारीचा दाखला, शेवटी भोगवटा दाखला. पण या साखळीत रिंग बांधलेली असताना, काँक्रीट ओतण्याआधी, कुणी स्वतंत्र माणूस जाऊन पाहतो असा एकही टप्पा प्रत्यक्षात भक्कम नाही. पंचायत सचिवाकडे तांत्रिक माणूस नसतो. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी या भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून मजूर गाडले गेले, तेव्हा भूकंप नव्हता, वारा नव्हता, दिवसाढवळ्या ती आपल्याच वजनाने गेली. आपल्याच वजनाला न पेलणारी इमारत उभी राहू शकते अशी व्यवस्था ४ टक्के आडव्या जोराची हमी काय देणार?

आमची मागणी छोटी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक मजल्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी प्रत्येक कॉलमच्या पायाशी आणि सांध्यात रिंगांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, तारीख आणि ठिकाणासह, अभियंत्याच्या सहीने पंचायतीत जमा व्हावेत. ते न मिळाल्यास भोगवटा दाखला थांबावा. फ्लॅट घेणाऱ्याला ते पाहण्याचा हक्क असावा. खोटा फोटो देता येईल, हे आम्हालाही दिसते. पण खोटा फोटो हा सहीनिशी दिलेला पुरावा असतो, आणि आज तर काहीच नसते. जोडीला बार बेंडर आणि मेस्त्री यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण. गोव्यात सळई बांधणारे हात बहुतेक बाहेरून आलेले आहेत. त्यांना १३५ अंशांचे वळण का, हे कुणी कधी सांगितलेलेच नसते. सांगितले की ते करतात.

‘गोव्याचा खरा धोका पूर आणि दरड, तिथे पैसा घाला’ असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण नव्या इमारतीत चिवटपणाचा खर्च फार थोडा, आणि जुन्या इमारतीत गंज काढून कॉलम दुरुस्त करणे तसेही टाळता येत नाही. कौलारू छप्पर भिंतीला बांधले तर ते वादळातही टिकते. पैसा दोन वाटांनी जात नाही.

छपराचा विषय निघालाच आहे तर जुन्या घरांकडे वळू, कारण गावागावांत अजून माणसे चिऱ्यांच्या घरांत राहतात. घडीव चिरा किल्लारीच्या गोट्यांपेक्षा कितीतरी चांगला. तो चौकोनी आहे, थरात बसतो. दोष जोडणीत आहे. मातीत रचलेल्या भिंती कोपऱ्यात नीट सांधलेल्या नसल्या की हादऱ्याने दोन भिंती एकमेकींपासून सुटतात आणि बाहेर कलंडतात. सर्वांत आधी पडते ती छपराच्या कडेची त्रिकोणी भिंत, कारण तिला वरून कुणी धरलेले नसते. त्यानंतर कौले आणि वासे. नव्या घरात उपाय सोपा: दरवाजे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा, किमान ७५ मिलीमीटर जाड, दोन सळया आणि दर १५० मिलीमीटरला ६ मिलीमीटरची आडवी कडी, कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत न्यायची, तिथे तोडायची नाही. खिडक्या-दरवाजे कोपऱ्यापासून निदान दीड फूट दूर. खिडकीपुरता तुकडा-लिंटेल घालून पट्टा घातल्याचे समाधान मानू नये. पट्टा घराभोवती पूर्ण फिरला तरच तो पट्टा.

जुन्या घरात हाच पट्टा बाहेरून आणि आतून जाळीने देता येतो. गिलावा काढून चिऱ्यांच्या फटी साफ करायच्या, गॅल्वनाइज्ड वेल्डेड जाळी भिंतीच्या दोन्ही अंगांना ठोकायची, भिंतीतून आरपार तार काढून दोन्ही जाळ्या एकमेकींना बांधायच्या, जोडावर एक फूट ओव्हरलॅप ठेवायचा आणि १:३ सिमेंट-वाळूचा जाड गिलावा करून दोन आठवडे पाणी मारायचे. आरपार बांधणी विसरली की जाळी कातड्यासारखी सोलून निघते. हे करायला मे महिना उत्तम. पावसाआधी कौले परतायला, फुटकी बदलायला सुतार वर चढतोच. त्याच दिवशी वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला लोखंडी पट्टीने, आणि ते आडवे लाकूड भिंतीला बोल्टने बांधून घेतले तर वेगळी मजुरी जवळजवळ पडत नाही. त्रिकोणी भिंतीलाही वाशांशी जखडावे.

घरातल्या वस्तूंकडे वळताना एवढेच पाहावे: झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर काय आहे आणि बाहेर पडायच्या वाटेत काय कोसळेल. हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. ती चार चिरे रचून त्यावर ठेवलेली असेल तर ती घसरणारच. टाकी सपाट ओट्यावर, चारी बाजूंनी अडवून ठेवावी. कपाट भिंतीला वरच्या बाजूने लोखंडी कोनाने बांधावे. उभा गॅस सिलिंडर साखळीने किंवा पट्ट्याने अडकवावा. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरण्याची आपली रीत आहेच. तांदूळ, डाळी, सुकी मासळी, लोणची, सगळे घरात येते. त्यात माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, बॅटरी, रोजची औषधे आणि कागदपत्रांच्या प्रती घातल्या की तयारी बरीचशी झाली. पाण्याची अडचण खरी होईल, कारण साळावली आणि ओपासारख्या मोजक्या ठिकाणांहून मोठ्या नळांनी आपले पाणी येते, आणि एक मुख्य नळ सांध्यात निखळला की तालुके कोरडे पडतात.

हादरा सुरू झाल्यावर काय करावे यात घराचा प्रकार पाहून फरक करायला हवा, आणि हा फरक आपल्या भित्तिपत्रकांत सहसा नसतो. काँक्रीटच्या इमारतीत धावू नये. खाली वाकावे, मजबूत टेबलाखाली जावे, त्याचा पाय धरावा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी बसून डोके आणि मान हातांनी झाकावी. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला सोडून द्यावा, आजची चौकट भिंतीपेक्षा बळकट नसते. जिन्यात माणसे जखमी होतात, लिफ्टचे तर नावच नको. मात्र मातीत रचलेल्या जड भिंतींच्या बैठ्या घरात असाल, आणि दार चार पावलांवर असेल, तर बाहेर पडणे बरे. फक्त वळचणीखाली, बाल्कावात (दारापुढच्या ओसरीत) थांबू नये. कौले तिथेच कोसळतात. एका दमात अंगण ओलांडून भिंतीच्या उंचीइतके तरी दूर जावे. दार दूर असेल तर तिथेही जाड पलंगाच्या आडोशाला जाणे आले.

दूरच्या भूकंपात आधी एक हलकासा धक्का येतो आणि मग मुख्य हेलकावे. दोहोंमधल्या प्रत्येक सेकंदामागे भूकंप साधारण आठ किलोमीटर दूर, त्यामुळे दोनशे किलोमीटरवरच्या भूकंपात वीस-पंचवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात गॅस बंद होतो, मूल उचलून घेता येते. थांबल्यावर रेग्युलेटर बंद, मुख्य स्विच बंद, काडी ओढायची नाही, आणि जिन्याने उतरायचे. परत वर जाण्याआधी कॉलम पाहावेत. भिंत आणि बीम यांच्या सांध्यावरची आडवी रेघ फारशी चिंतेची नसते. कॉलमवर तिरकी चीर, झडलेले काँक्रीट, बाहेर वाकलेली सळई यांतले काहीही दिसले तर आत जाऊ नये; नंतरचे धक्के लहान असले तरी त्यांना उरलेली इमारत पाडायला तेवढे बळ पुरते. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७. बाकी फोन मोकळा ठेवावा, संदेश पाठवावा.

किनाऱ्यावर एक जादा नियम. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या (आजच्या पाकिस्तानच्या किनाऱ्यावरच्या) भूकंपाने उठलेल्या त्सुनामीत मुंबईतही माणसे बुडाली. कळंगुट किंवा कोलव्याला असताना हादरा लांबला, किंवा समुद्र एकाएकी मागे गेला, तर इशाऱ्याची वाट न पाहता चालत उंचावर निघावे, गाडी काढू नये. हे हॉटेलांनी पाहुण्यांना सांगितले पाहिजे. आणि देवळांच्या समित्यांनी जत्रेच्या गर्दीची मोकळी जागा ठरवताना दीपस्तंभाच्या उंचीइतके वर्तुळ रिकामे सोडावे. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ किंवा जुन्या चर्चचे उंच दर्शनी तोंड, दोन्ही जड दगडी बांधकामे आहेत, आणि त्यांच्या पायाशी माणसे जमतात. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा जमीन हललीही नव्हती. बाहेर पडायच्या वाटा आधी आखलेल्या असणे किती मोलाचे ते तिथे कळले.

सरकारने सुरुवात कुठून करावी याबद्दल आमच्या मनात शंका नाही: शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, अग्निशमन केंद्रे. त्यांना संहिता दीड पट जोर धरायला सांगते, कारण त्या भूकंपानंतर चालू राहायला हव्यात. बाहेरून नुसत्या नजरेने करायची पहिली तपासणी एका इमारतीला अर्धा-पाऊण तास घेते. गोव्याएवढ्या राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एका उन्हाळ्यात सरकारी इमारती पुऱ्या करतील. ज्या संशयित ठरतील त्यांचीच आयएस १५९८८ या, उभ्या इमारतींसाठीच्या संहितेप्रमाणे सखोल तपासणी, कव्हर मोजणे, गाभ्याचे नमुने काढणे. यादी जाहीर व्हावी. आपल्या मुलाच्या शाळेचा तळमजला कसा आहे हे पालकांना कळू नये, याला काही कारण असू शकत नाही.

खासगी वसाहतींचे अवघड आहे. निम्मे फ्लॅट बंद, मालक मुंबई-दिल्लीला, सोसायटी कागदावर, आणि दुरुस्तीचा निधी रंगाला पुरत नाही. तरीही स्टिल्ट मजबूत करणे ही राहत्या घरात करता येणारी दुरुस्ती आहे, माणसे हलवावी लागत नाहीत. दोन्ही दिशांना, समोरासमोरच्या कडांना, कॉलमांमधल्या निवडक गाळ्यांत पायापासून स्लॅबच्या बीमपर्यंत काँक्रीटच्या भिंती घालायच्या, त्यांच्या सळया कॉलम-बीममध्ये छिद्रे पाडून इपॉक्सीने रोवायच्या, आणि उरलेल्या कमकुवत कॉलमांना भोवताली नव्या सळया-रिंगांचे जॅकेट द्यायचे. भिंतीखालचा पाया वाढवावा लागतो, ते टाळले तर बाकी सगळे वाया. जागा जाते ती बहुधा दोन-तीन गाड्यांची. सभेत भांडण पैशांवरून कमी आणि त्या दोन-तीन जागा कुणाच्या यावरून जास्त होते. म्हणून जागांचे नव्याने वाटप आधी ठरवावे, अभियंत्याचा आराखडा भिंतीवर लावावा, आणि सभा नाताळात किंवा मेच्या सुट्टीत घ्यावी, बाहेरचे मालक गोव्यात असतात तेव्हा.